धाकटी डहाणू आणि किनारा-संरक्षणाचे नियोजन : १९९१ ते २०२४

प्रस्तावना

किनाऱ्यावरील वन्यजीवांच्या रक्षणासाठी शासनासमोर साधारणतः दोन मार्ग असतात. विशिष्ट क्षेत्राची सीमा आखून ते अभयारण्य घोषित करणे हा पहिला मार्ग होय. लोकवस्ती, शेती, बागायत व मासेमारी यांसह संपूर्ण प्रदेशाच्या भूवापराचे दीर्घकालीन नियोजन करणे हा दुसरा. महाराष्ट्रात पहिल्या मार्गाचे उदाहरण म्हणजे मालवण सागरी अभयारण्य. १९८७ मध्ये २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्रावर ते घोषित झाले. परंतु मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीपोटी स्थानिक मच्छीमारांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला. दुसऱ्या मार्गाचा प्रयोग डहाणू तालुक्यात झाला. या प्रयोगात स्थानिक जनतेचे म्हणणे कोणत्या टप्प्यावर ऐकले गेले व त्याचा परिणाम काय झाला, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रदेश व लोकजीवन

डहाणू तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. तालुक्याच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण दोन-तृतीयांशाहून अधिक असून त्यांत वारली समाज मोठा आहे. किनारपट्टीलगत चिकूच्या वाड्या असून तेथील चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. धाकटी डहाणू हे याच किनाऱ्यावरील मच्छीमारांचे गाव. खाडीतील तिवरांची वने व वाढवणजवळील खडकाळ किनारा ही मासे, कोळंबी व शेवंड यांच्या वाढीची ठिकाणे होत. येथे वन्यजीवांचा आश्रय आणि माणसांची उपजीविका यांचे क्षेत्र एकच आहे. म्हणूनच माणसांना वगळून आखलेली कोणतीही संरक्षण-योजना येथे टिकणे कठीण होते.

१९९१ ची अधिसूचना

डहाणू खाडीच्या काठी ५०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र उभारण्याचा निर्णय १९८० च्या दशकाच्या अखेरीस झाला. त्यास आव्हान देणारी नागरिकांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये फेटाळली. प्रकल्पापूर्वी जनसुनावणी घेण्याचे कायदेशीर बंधन त्या काळी नव्हते. ते १९९७ मध्ये आले. तथापि या लढ्यातून निर्माण झालेल्या जागृतीचे फलित लवकरच दिसून आले. २० जून १९९१ रोजी केंद्र शासनाने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित केला.

या अधिसूचनेने उद्योगांची हिरवा, नारिंगी व लाल अशी वर्गवारी केली. लाल वर्गातील उद्योगांना मज्जाव करण्यात आला आणि अनुज्ञेय उद्योगांसाठी संपूर्ण तालुक्यात मिळून कमाल ५०० एकरांची मर्यादा घालण्यात आली. तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा राखण्याचीही तरतूद मूळ अधिसूचनेत होती. राज्य शासनाने प्रचलित भूवापरावर आधारित प्रादेशिक आराखडा एका वर्षात तयार करावा, असाही आदेश होता.

प्राधिकरणाची स्थापना व कार्य

अधिसूचनेची अंमलबजावणी होत नसल्याची तक्रार घेऊन ‘सँक्च्युअरी’ या नियतकालिकाचे संपादक बिट्टू सहगल यांनी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालाने उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. त्यानुसार डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी हे त्याचे पहिले अध्यक्ष. जानेवारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे २२ वर्षे, त्यांनी ही धुरा वाहिली.

प्राधिकरणाचे दोन निर्णय विशेष उल्लेखनीय आहेत. वाढवण येथे बंदर उभारण्याचा प्रस्ताव त्याने सप्टेंबर १९९८ मध्ये अनुज्ञेय नसल्याचे सांगून नाकारला. तसेच १९९९ मध्ये वीजकेंद्रास धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. ती २००७ मध्ये कार्यान्वित झाली. आदेश व अंमल यांत आठ वर्षांचे अंतर पडले, यावरून नियोजनाच्या मागे सातत्याने उभ्या राहणाऱ्या संस्थेची गरज स्पष्ट होते. एकदा निकाल लागला म्हणजे रक्षण झाले, असे येथे घडले नाही.

वाढवणचा पुनर्विचार

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदरास तत्त्वतः मान्यता दिली. किनाऱ्याजवळच उपलब्ध असणारी सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली हे स्थळनिवडीचे प्रमुख कारण होते. त्याच वर्षी, बंदर हे लाल वर्गातील उद्योगांत मोडत नाही, अशी भूमिका पर्यावरण मंत्रालयाने घेतली. जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाने अटींसह ना-हरकत दिली. जानेवारी २०२४ मध्ये जनसुनावणी झाली आणि फेब्रुवारीत पर्यावरणीय मंजुरी मिळाली. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या. जूनमध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास अंतिम मान्यता मिळाली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. प्रकल्पात समुद्रात १,४४८ हेक्टर भराव नियोजित आहे.

येथे कालक्रम लक्षात घेण्याजोगा आहे. तत्त्वतः मान्यता व जनसुनावणी यांत जवळजवळ चार वर्षांचे अंतर आहे. स्थळ आधी ठरले आणि लोकांचे म्हणणे नंतर नोंदविले गेले. १९९८ मध्ये मात्र प्रश्न स्थळाचाच होता आणि तो तालुक्यासाठीच नेमलेल्या संस्थेपुढे खुला होता.

समारोप

बंदरामुळे रोजगार व व्यापार वाढेल, हा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. परंतु डहाणूचा इतिहास असे दर्शवितो की दीर्घकालीन नियोजनाचे बळ केवळ नकाशांत व मर्यादांत नसते; नियमांतील शब्दांचा अर्थ कोण ठरवितो, यावर ते अवलंबून असते. ‘उद्योग’ या शब्दाची कक्षा बदलली आणि त्याबरोबर तीन दशकांच्या आराखड्याची सीमाही बदलली. हा बदल घडत असताना धाकटी डहाणूच्या मच्छीमाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी असती, तर निर्णय कदाचित तोच राहिला असता. पण तो लोकांसमवेत झाला असता.

यापुढे ना-हरकतीतील अटींच्या पालनाचा प्रश्न उरतो. कोणत्या ऋतूत कोणती मासळी कोठे मिळते, तिवरे कोठे वाढली व कोठे मेली, कासवे कोठे लागली, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहणाऱ्यांचे ज्ञान देखरेखीत पुरावा म्हणून स्वीकारले जाणे आवश्यक आहे. तसे झाले तरच १९९१ साली आरंभलेल्या प्रयोगाचा काही अंश या किनाऱ्यावर जिवंत राहील.