मुतखड्याची डबी आणि पाहुणचाराचा हिशेब

26 मार्च 1658 रोजी लंडनच्या सॉल्सबरी कोर्टातल्या एका घरात टॉमस हॉलियर या शल्यवैद्याने सॅम्युअल पीप्सचा मुतखडा काढला. आरमाराचा बडा अधिकारी आणि रोजनिशीकार म्हणून जग ज्याला ओळखतं, तो हाच पीप्स. तेव्हा तो पंचविशीतला कारकून होता, सरकारी खजिन्यात वर्षाला 50 पौंडांवर. राहायला बड्या नातलगाच्या बिऱ्हाडातली खोली आणि पदरी कोवळ्या वयाची बायको.

भूल नव्हती, त्यामुळे शस्त्रक्रिया काही मिनिटांत उरकावी लागे. खरं दुखणं पुढे होतं. जखमेला टाके घालत नसत. ती उघडीच ठेवून आपोआप भरू द्यायची. चरित्रकारांच्या हिशेबाने पीप्सला उठायला सुमारे पाच आठवडे लागले. एका वैद्याच्या वहीत त्याच्यासाठी लिहून दिलेलं औषध अजून वाचायला मिळतं. शेजारी शल्यवैद्याचं नाव, तारीख आणि खडा फार मोठा निघाल्याची नोंद आहे. पण औषध लिहून देणारा निघून जातो. पाच आठवडे मलमपट्ट्या बदलणं, कपडे धुणं, सरपण, पथ्याचं खाणं हे सगळं कुणाच्या खर्चाने झालं?

सॉल्सबरी कोर्टातलं ते घर जेन टर्नरचं होतं. ती पीप्सच्या नात्यातली बहीण, एका वकिलाची पत्नी. तिच्या घरखर्चाची वही हाती नाही. पीप्सची रोजनिशी सुरू होते 1660 मध्ये, म्हणजे दुखणं सरल्यावर. तरी त्या ऋणाची खूण तिच्यात आहे. 26 मार्च 1660 ला तो जहाजावर होता. तिथे त्याने लिहून ठेवलं की, शस्त्रक्रियेला दोन वर्षं झाली, गेल्या वर्षी घरी हा दिवस साजरा केला, आणि जन्मभर दरवर्षी मिसेस टर्नर आणि तिच्या माणसांना जेवायला बोलवायचं. देवाचे आभार मानताना त्याला यजमानीणही आठवली. माझ्या मते तिच्या खर्चाची आपल्याला मिळणारी सर्वांत जवळची पावती हीच.

1663 मध्ये मेजवानी लांबली. पीप्सची बायको आजारी होती, नोकरांचंही धड चाललं नव्हतं. शेवटी 4 एप्रिलला पंगत बसली: ससा आणि कोंबडीचं फ्रिकासी, उकडलेली मेंढीची तंगडी, तीन कार्प मासे, कोकराची अख्खी बाजू, भाजलेली कबुतरं, चार लॉब्स्टर, शिवाय टार्ट आणि वाइन. एवढा स्वयंपाक घरातल्या एकमेव मोलकरणीने केला, हे पीप्सने कौतुकाने नोंदवलंय. उपकार फेडायचा दिवस आला, तोही पुन्हा एका बाईच्याच कष्टांवर.

खडा पीप्सने जपून ठेवला होता. ऑगस्ट 1664 मध्ये त्याने त्यासाठी एक डबी करायला टाकली. किंमत 25 शिलिंग. कारकुनीच्या दिवसांत त्याची आठवड्याची कमाई वीस शिलिंगांहूनही थोडी कमीच होती. डबीची किंमत आपल्याला शिलिंगात सांगता येते, पाच आठवड्यांच्या शुश्रूषेची नाही. कारण डबी विकत घेतली होती आणि शुश्रूषा नात्याने मिळाली होती. ज्याला असं घर नव्हतं, त्याने पाच आठवडे कामावाचून कसे काढले असते?

1669 मध्ये पीप्सचा स्नेही जॉन एव्हलिन याने त्याला मुतखड्यानेच आजारी असलेल्या आपल्या भावाकडे नेलं. शस्त्रक्रियेने माणूस वाचतो, हे पटवायला पीप्सने तो टेनिसच्या चेंडूएवढा खडा दाखवला. भाऊ तयार झाला नाही आणि पुढच्याच वर्षी गेला.

1700 मध्ये, चाळीसहून जास्त वर्षांनी, पीप्सची जुनी जखम पुन्हा उघडली. आता तो थोर गृहस्थ होता. सरकारकडून त्याचं 28,007 पौंडांहून जास्त येणं होतं. ते येणं त्याच्या हयातीत मिळालंच नाही. अखेरच्या आजारपणात त्याला सांभाळलं ते विल्यम ह्यूअरने, एके काळच्या त्याच्याच कारकुनाने, क्लॅपममधल्या आपल्या घरी. तिथेच 26 मे 1703 रोजी पीप्स वारला.