पंपापुढील रांग

मोटारीचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा ती बनविणाऱ्यांविषयी लिहितात. ज्याने ती हप्त्याहप्त्याने विकत घेतली, रोज सकाळी कामावर जाण्यासाठी वापरली आणि पेट्रोलचा भाव चढला म्हणजे जो खिसा चाचपून पाहू लागला, त्या साध्या मनुष्याला त्या इतिहासात फारशी जागा मिळत नाही. आज त्याच्याविषयीच थोडे सांगावयाचे आहे. भाव वाढल्याची वार्ता आली की आपल्याकडे स्कूटरवाल्यापासून ट्रकवाल्यापर्यंत सर्वांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु ह्या महागाईचे मर्म समजून घ्यावयाचे असेल, तर जेथे पेट्रोल कधी महाग होईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते त्या देशाकडे, म्हणजे १९७३ सालच्या अमेरिकेकडे, पाहणे उपयोगाचे होईल. तेथे पेट्रोलला गॅसोलीन म्हणतात, आणि बोलताना नुसते ‘गॅस’.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस वर्षांत अमेरिकन मनुष्याने आपला संसार शहराबाहेर नेला. साच्यातून काढल्याप्रमाणे एकसारखी घरे असलेल्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. पेन्सिल्व्हानियातील लेव्हिटटाउन ही त्यांपैकी एक नावाजलेली वसाहत. १९५६ साली ४१,००० मैल लांबीच्या राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला. घर एकीकडे, कचेरी दुसरीकडे, बाजार तिसरीकडे, आणि ह्या तिहींना जोडणारा दुवा एकच, मोटार. ती मोटारही लांबरुंद आणि जड असे. एका गॅलनमध्ये ती सरासरी १३-१४ मैल जाई. अमेरिकन गॅलन पावणेचार लिटरांहून किंचित मोठा धरला, तर लिटरमागे सहा किलोमीटरही पुरे होत नव्हते. पण त्याची खंत कोणाला नव्हती. १९७३ साली गॅलनचा सरासरी भाव सुमारे ३९ सेंट, म्हणजे एका डॉलरच्या चार दशांशांहूनही कमी होता. स्वस्त तेलाच्या हिशेबावर घराचे आणि कामाचे अंतर ठरले होते. अमेरिकेच्या स्वतःच्या विहिरींचे उत्पादन १९७० सालीच शिगेला पोचून उतरणीला लागले होते आणि परदेशी तेलाची आयात वाढत चालली होती. परंतु पंपापाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ह्याची वार्ता नव्हती.

६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त व सीरिया ह्यांचे इस्रायलशी युद्ध जुंपले. १६ ऑक्टोबरला इराणी आखातातील तेलउत्पादक देशांनी कच्च्या तेलाचा भाव सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढविला. दुसऱ्या दिवशी अरब देशांनी उत्पादनात दरमहा कपात करण्याचे ठरविले, आणि अमेरिकेने इस्रायलला मोठी लष्करी मदत देऊ करताच सौदी अरेबियादी देशांनी तिला तेल देणे बंद केले. १ जानेवारी १९७४ पासून पिंपाचा भाव ११.६५ डॉलर झाला. युद्धापूर्वी तो तीन डॉलरांच्या आसपास होता.

पंपावरील भाव मात्र त्या मानाने चढला नाही. १९७४ साली गॅलनची सरासरी किंमत ५३ सेंटांच्या घरात होती. घर आणि कामाचे ठिकाण ह्यांत वीस मैलांचे अंतर असलेला एखादा मनुष्य घेऊ. जाऊन येऊन चाळीस मैल, म्हणजे सुमारे तीन गॅलन. पूर्वी त्याला रोज एक डॉलर सतरा सेंट लागत, आता एक डॉलर एकोणसाठ सेंट लागू लागले. हा बोजा लहान नव्हता, पण असह्यही नव्हता. मग त्या हिवाळ्याची आठवण अमेरिकेत आजही का काढली जाते? ह्याचे उत्तर भावात सापडत नाही. ते रांगेत सापडते.

ही रांग कशी निर्माण झाली हे पाहण्यासारखे आहे. १९७१ सालापासून अमेरिकेत सरकारी किंमत-नियंत्रण होते, आणि तेलावर ते पुढेही चालू राहिले. त्यात २७ नोव्हेंबर १९७३ च्या कायद्याने तेलाच्या वाटपाची व्यवस्था सरकारने हाती घेतली. हे वाटप मुख्यतः १९७२ सालच्या खपावरून ठरविण्यात आले. कागदावर ही गोष्ट न्याय्य दिसते. परंतु टंचाई पडताच लोकांनी दूरचे प्रवास सोडून दिले, आणि महामार्गांवरील व सहलीच्या ठिकाणांवरील पंपांना गिऱ्हाइके मिळेनाशी झाली. उलट, शहरांच्या आसपास, जेथे रोज कामावर जाणे कोणालाच टळत नव्हते, तेथील पंप महिना संपण्यापूर्वीच कोरडे पडू लागले. गेल्या वर्षीच्या आकड्यावरून या वर्षीची गरज ठरविण्याचा हा मोह शासनाच्या कामाशी ज्याचा थोडाबहुत संबंध आला आहे त्याच्या चांगल्या परिचयाचा असतो. त्यात भर पडली ती मनुष्यस्वभावाची. एरवी टाकी रिकामी होत आल्यावर पंपाकडे वळणारा मनुष्य आता ती अर्धी उतरताच रांगेत येऊ लागला. सारे राष्ट्रच टाकी भरलेली ठेवू पाहू लागले, तेव्हा पंपाच्या जमिनीखालचे पेट्रोल मोटारींच्या टाक्यांत जाऊन बसले. रांगेत इंजिन चालू ठेवून जे जळे ते निराळेच. फेब्रुवारी १९७४ च्या अखेरीस देशातील दर पाच पंपांपैकी एकात विकावयास पेट्रोल नव्हते.

आता ह्या रांगेची किंमत काढून पाहू. पंपवाला एका वेळी दहा गॅलन देतो असे धरले, तर भाववाढीमुळे गिऱ्हाइकाला १ डॉलर ४० सेंट अधिक पडत. त्या काळी कायद्याने ठरलेली किमान मजुरी तासाला १ डॉलर ६० सेंट होती. म्हणजे रांगेत एक तास गेला, तर सर्वांत कमी मजुरीच्या कामगाराचे भाववाढीपेक्षाही अधिक नुकसान झाले. रांगेत श्रीमंत व गरीब एकामागे एक उभे राहतात, म्हणून ती समान न्यायाची आहे असे वाटते. पण ज्याला घरच्या नोकराला गाडी घेऊन पाठविता येते, आणि ज्याची उशिरा आल्याबद्दल मजुरी कापली जाते, त्या दोघांचा तास सारखा नसतो.

ह्या परिस्थितीशी लोकांनी जुळते कसे घेतले? ऑरेगन राज्याचे गव्हर्नर टॉम मॅकॉल ह्यांनी १९७४ च्या जानेवारीत एक साधी युक्ती काढली. गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा सम असेल तर सम तारखेस आणि विषम असेल तर विषम तारखेस पेट्रोल घ्यावे. पंपावर रंगीत निशाणे लावण्यात आली: सर्वांना पेट्रोल मिळत असेल तर हिरवे, मर्यादित मिळत असेल तर पिवळे, आणि संपले असेल तर लाल. ह्याने एक थेंबही पेट्रोल वाढले नाही. परंतु आज आपला वार आहे की नाही आणि ह्या पंपावर थांबण्यात अर्थ आहे की नाही, हे दुरून कळू लागले, रांग आखूड झाली, आणि लोकांचा जीव थोडा खाली पडला. इतर अनेक राज्यांनी ही पद्धत उचलली.

अध्यक्ष निक्सन ह्यांनी शनिवारी रात्री नऊपासून रविवारी मध्यरात्रीपर्यंत पेट्रोल विकू नये असे आवाहन केले. २ जानेवारी १९७४ च्या कायद्याने महामार्गांवरील वेगाची मर्यादा ताशी ५५ मैलांवर, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरांवर, आणण्यात आली. शेजारी शेजारी राहूनही आजवर चार गाड्यांतून जाणारे चौघे एकाच गाडीतून कामावर जाऊ लागले. वॉशिंग्टनलगतच्या शर्ली महामार्गावर बसगाड्यांसाठी राखलेला मार्ग डिसेंबर १९७३ मध्ये अशा चौघांच्या गाड्यांना खुला करण्यात आला. ज्यांना परवडले त्यांनी मोठी मोटार मिळेल त्या किमतीस फुंकून लहान जपानी किंवा जर्मन गाडी घेतली. ज्यांना परवडले नाही, त्यांच्या गळ्यात ती जुनी, तेलपिऊ मोटार राहिली. आणि पुढे वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातून तीच अधिक गरीब माणसाच्या घरी गेली.

सर्वांत अधिक पोळला तो स्वतःच्या मालकीचा ट्रक हाकणारा ड्रायव्हर. त्याचे वेतन मैलांवर. डिझेल महागले, ते पुरेसे मिळेना, आणि वेग घटल्यामुळे तेवढ्याच वेळात मैलही कमी पडू लागले. डिसेंबर १९७३ मध्ये ह्या ड्रायव्हरांनी पेन्सिल्व्हानिया, ओहायो आदी राज्यांत महामार्गांवर ट्रक आडवे लावून वाहतूक रोखून धरली. तथापि त्याच वेगमर्यादेची दुसरीही बाजू आहे. १९७३ साली तेथील रस्त्यांवर सुमारे ५४,००० माणसे अपघातात मरण पावली होती. १९७४ साली हा आकडा सुमारे ४५,००० वर आला. प्रवास कमी झाला आणि वेगही कमी झाला, ह्या दोहोंचा तो परिणाम होता.

ह्याच सुमारास आपल्या देशातही पेट्रोल महागले होते, आणि १२ नोव्हेंबर १९७३ रोजी श्री. अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदभवनाकडे गेले होते. त्या बैलगाडीतील उपरोध दिल्लीत कोणालाही समजावून सांगावा लागला नाही. भारतातील बहुसंख्य लोक तेव्हा बैलगाडीने, सायकलीने किंवा पायीच जात. मोटार हा थोड्यांचा प्रश्न होता. अमेरिकेत मात्र परतून जाण्यास बैलगाडी उरली नव्हती. पुष्कळ वसाहतींत बससुद्धा येत नव्हती.

मग तेथे रेशनिंग का झाले नाही, असा प्रश्न सहजच मनात येतो. दुसऱ्या महायुद्धात ते झाले होते. साध्या मोटारमालकास ‘ए’ अक्षराचा परवाना आणि आठवड्यास तीन-चार गॅलन, असा तो शिरस्ता होता. लोकांनी कुरकुर केली, थोडाफार काळाबाजारही झाला. पण मुलगा आघाडीवर असलेल्या घराला त्याचे कारण सांगावे लागले नाही. १९७४ मध्येही सरकारने ४८० कोटी कूपने छापून तयार ठेविली. ती कधीच वाटली गेली नाहीत. ती कोठारात पडून राहिली आणि १९८४ साली नष्ट करण्यात आली. युद्धकाळी ज्या गोष्टीचा हेतू सर्वांना पटलेला होता, ती शांततेच्या काळी करून दाखविण्याचे धैर्य कोणी केले नाही.

१८ मार्च १९७४ रोजी तेलबंदी बहुतांशी उठली आणि रांगा विरल्या. भाव मात्र पुन्हा खाली आला नाही. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली आणि तोच खेळ पुन्हा मांडला गेला. त्या वर्षीच्या जूनमध्ये ट्रकवाल्यांच्या निषेधातून दंगल उसळली, ती नेमकी पेन्सिल्व्हानियातील त्या लेव्हिटटाउनमध्ये. स्वस्त पेट्रोलच्या भरवशावर वसलेल्या गावाच्या चौकात मोटारी जळाल्या. गॅलनचा भाव डॉलरवर गेला, तेव्हा एक डॉलर किंवा अधिक दर दाखविण्याची सोयच अनेक जुन्या पंपांच्या यंत्रांत नव्हती. म्हणून मालकांना अर्ध्या गॅलनचा दर लावून विक्री करावी लागली. एवढी महागाई येईल अशी कल्पना यंत्र बनविणाऱ्यालाही नव्हती!

श्रोतेहो, आज पन्नासाहून अधिक वर्षांनी ह्या साऱ्यातून काय टिकले? रविवारची बंदी गेली. सम-विषम तारखा गेल्या. ५५ मैलांची मर्यादा १९८७ मध्ये सैल झाली आणि १९९५ मध्ये रद्द झाली. चौघांनी एका गाडीतून जाण्याची सवय भाव उतरताच पुष्कळांनी सोडली. टिकले ते १९७५ च्या कायद्याने कारखानदारांवर घातलेले बंधन. १९८५ पर्यंत नव्या मोटारींची सरासरी गॅलनमागे २७.५ मैलांवर नेली पाहिजे, असे त्या कायद्याने ठरविले, आणि बारा वर्षांत ती जवळजवळ दुप्पट झाली. मोटारवाल्याला उपदेश करण्यापेक्षा मोटार सुधारणे अधिक फलदायी ठरले. त्या कायद्यातही एक फट राहिली होती: हलक्या ट्रकांना सौम्य नियम. पुढे जीपच्या धर्तीच्या अवजड गाड्या त्याच फटीतून कुटुंबांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

आणि घर व काम ह्यांतील अंतर तर जसेच्या तसे राहिले. टंचाईचे वाटप तीनच प्रकारे करता येते: भावाने, रांगेने किंवा कूपनाने. भावाचा भार गरिबाच्या खिशावर पडतो, रांगेचा भार ज्याचा वेळ त्याच्या स्वाधीन नाही त्याच्यावर पडतो, आणि कूपनाला प्रामाणिक कारकून व पटलेला हेतू ही दोन्ही लागतात. तिन्हींतून निर्दोष असा मार्ग नाही. परंतु ज्याच्या दाराशी बस येते आणि ज्याचे काम चालत जाण्याच्या टप्प्यात आहे, त्याला ह्या तिहींची झळ सर्वांत कमी लागते. आपली शहरे आता झपाट्याने बाहेर पसरत आहेत. नवी वसाहत आखताना नकाशावर घर व काम ह्यांमध्ये आपण जी रेघ ओढतो, तिची किंमत पुढे कोणीतरी पंपापाशी रोज मोजणार आहे, एवढे ध्यानात ठेविले तरी पुष्कळ होईल.