तीन भिंती कुठे गेल्या? पुण्यातल्या दुचाकीच्या निवाऱ्याचा इतिहास

पुण्यात दुचाकी किती, हे सगळेच विचारतात. रात्री अकरानंतर त्या असतात कुठे, हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण याच प्रश्नावर उभं आहे. विषय सांगितला की समोरचा आधी हसतो, "पार्किंगवर पीएच.डी.?" आणि दोन मिनिटांनी स्वतःच्या सोसायटीतलं भांडण सांगायला लागतो.

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी या विषयात एक चांगला धडा आहे. इतिहास म्हटलं की आपण घडलेल्या गोष्टी शोधतो. पण न घडलेल्या गोष्टीलाही इतिहास असतो. प्रभात रोडच्या बंगल्यांत मोटारीसाठी गॅरेज बांधलं गेलं. मग ज्या शहरात घरोघरी स्कूटर आली, तिथे स्कूटरसाठी कडीकुलपाची खोली का झाली नाही?

उंबऱ्यावरचा पुरावा

सुरुवात वाड्यापासून करू. पेठेतल्या वाड्याला मोठा दरवाजा असे आणि त्या दरवाज्यातच छोटी दिंडी. रात्री दरवाजा बंद झाला की ये-जा दिंडीतून. सायकल उचलून आत घेता येई. जिन्याखाली, बोळात, कुठेही टेकवता येई. स्कूटरचं तसं नाही. शंभर किलोच्या आसपासचं धूड उंबऱ्यावरून न्यायचं तर फळी टाका, नाहीतर सिमेंटचा उतार करा. जुन्या दारांपाशी चाकापुरता असा उतार आजही दिसतो. मी तो कागदपत्रासारखाच वाचते.

तो काय सांगतो? गाडी आत येत होती, पण तिच्यासाठी वेगळी जागा नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली होती, त्यामुळे मालकाला वाड्यावर खर्च करण्यात रस उरला नव्हता. भाडेकरूला चौकात शेड घालायचा हक्क नव्हता. गाडी सगळ्यांच्या चौकात उभी राही आणि तिची राखण सगळ्यांचा एक दरवाजा करी. म्हणजे सुरक्षित होता तो वाडा. त्याच्या पोटात होती म्हणून गाडी सुरक्षित.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे कोसळले आणि त्यानंतर वस्ती पेठांबाहेर झपाट्याने पसरली. साधारण त्याच सुमारास बजाजने इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर स्कूटर बनवायला सुरुवात केली. इथे थोडं थांबा. दोन गोष्टी एका काळात घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. पुरामुळे पुणेकरांनी स्कूटर घेतली, असं वाक्य लिहायचा मोह होतो, ते लिहायचं नाही. एवढंच म्हणता येतं की रात्री बंद होणारा सामायिक दरवाजा शहरातून हळूहळू जात होता आणि जपावी अशी गाडी येत होती.

जपावी अशी म्हणजे किती?

पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. परमिट-राजमध्ये उत्पादनाला सरकारी मर्यादा होती, मागणी मात्र अफाट. नाव नोंदवून वर्षानुवर्षं, काहींनी तर दहा-दहा वर्षं वाट पाहिली. हातात आलेली गाडी लगेच विकली तरी नव्या किमतीपेक्षा जास्त पैसे मिळत.

आता चोरीचा विचार करा. आज गाडी गेली तर विम्याचा अर्ज करायचा आणि शोरूममध्ये जायचं. तेव्हा गाडी गेली की पुन्हा रांगेच्या शेपटाला. हँडल लॉक असूनही चाकातून साखळी ओवून खांबाला कुलूप घालणारे वेडे नव्हते, ते आपली इतक्या वर्षांची वाट राखत होते. 'लोक वस्तूला जपायचे' असं मोघम लिहिण्याआधी ती वस्तू पुन्हा मिळवायला किती वेळ लागत होता, ते शोधा. भावनेचा इतिहास बऱ्याचदा पुरवठ्याच्या इतिहासात सापडतो.

छप्पर फुकट, भिंत महाग

एवढी किंमत होती, तर अपार्टमेंटमध्ये खोली का नाही मिळाली? याचं उत्तर बांधकाम नियमांत आहे. प्लॉटवर किती बांधायचं हे एफएसआय ठरवतो. पार्किंगसाठी खांबांवर मोकळा ठेवलेला तळमजला, म्हणजे स्टिल्ट, त्या हिशोबात धरत नाहीत. त्याला भिंती घालून खोल्या केल्या तर तो मोकळा राहत नाही आणि सवलत धोक्यात येते. बिल्डरच्या दृष्टीने छप्पर फुकट पडतं, भिंत मात्र विकाऊ चौरस फूट खाते. नियम करणाऱ्यांचीही बाजू आहे. बंद गॅरेजचं दुकान किंवा दवाखाना व्हायला वेळ लागत नाही, हे बंगल्यांच्या भागात कुणालाही दिसतं.

थोडक्यात, गाडीला पावसापासून आडोसा मिळाला, माणसांपासून नाही.

यातही गाड्यांमध्ये समानता नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीसाठी २.५ × ५ मीटर जागा आहे, दुचाकीसाठी १ × २. एकीला साडेबारा चौरस मीटर, दुसरीला दोन. आकाराचा फरक मान्यच आहे. पण दोन चौरस मीटरमध्ये गाडी उभी राहते, तिच्याभोवती काही बांधता येत नाही.

गॅरेज म्हणजे काय, हे कोर्टात ठरलं

मुंबईत एका बिल्डरने स्टिल्टमधल्या २५ जागांवर हक्क सांगितला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. नहलचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्याच्या २०१० च्या निकालात न्यायालय म्हणालं, स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती इमारतीच्या सामायिक भागात मोडते आणि बिल्डरला वेगळी विकता येत नाही. पुढे २०१६ च्या रेरा कायद्याने व्याख्याच दिली: छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली, कोणतंही वाहन ठेवण्याची जागा म्हणजे गॅरेज.

'कोणतंही वाहन' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कायद्याने दुचाकीला गॅरेज नाकारलेलं नाही. नाकारलं ते एफएसआयच्या गणिताने. व्याख्या एका कायद्यात असते, तिला निरुपयोगी करणारी अट दुसऱ्याच नियमात असते. म्हणून एकच कायदा वाचून निष्कर्ष काढू नका.

या निकालाची दुसरी बाजूही बघा. जागा सामायिक ठरली म्हणून सामान्य सभासद बिल्डरच्या मनमानीतून सुटला, पण त्याच वेळी गाडीभोवती स्वतःची जाळी उभारायचा त्याचा दावाही कमजोर झाला. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये स्कूटर आणि मोटारसायकल रिक्षासोबत एका वेगळ्या कलमात येतात: समितीची पूर्वपरवानगी घ्या आणि सर्वसाधारण सभा ठरवेल ते शुल्क भरा.

यात पणाला काय आहे?

२०१५ च्या जूनमध्ये सिंहगड रस्ता भागात एका पहाटे अनेक सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या पेटवल्या गेल्या. एकमेकींना खेटून उभ्या, टाकीत पेट्रोल, मध्ये एकही भिंत नाही. एक पेटली की शेजारची पेटते, आणि वर माणसं झोपलेली असतात. 'जागा वाचली' या हिशोबात हा धोका कुठेच लिहिलेला नसतो.

नवा पेच विजेच्या गाड्यांचा आहे. चेतकचं नाव आता विजेच्या स्कूटरवर आलंय, आणि तिची बॅटरी काढून घरात नेता येत नाही. चार्जिंगला गाडीजवळ सॉकेट हवा, सॉकेटसाठी ठरलेली जागा हवी, आणि जागा तर सामायिक. भिंतींचा जुना प्रश्न आता वायरीच्या रूपात सोसायटीच्या सभेत आलाय.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर घराच्या पार्किंगपासूनच सुरुवात करा. मंजूर नकाशात दुचाकींच्या किती जागा दाखवल्यात ते बघा. प्रत्यक्षात किती गाड्या उभ्या आहेत त्या रात्री मोजा. सोसायटीच्या इतिवृत्तांमधून 'पार्किंग' शब्द असलेले ठराव तारखेसह उतरवून घ्या. खांबात ठोकलेली एखादी लोखंडी कडी दिसली तर तिचा फोटो काढा आणि ती कुणी, कधी, कुणाला विचारून ठोकली ते विचारा. नकाशा, आकडा, ठराव आणि कडी एकमेकांशी जुळणार नाहीत. जिथे जुळत नाहीत, तिथून तुमचा संशोधनप्रश्न लिहायला घ्या.