आमच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती कलावंत व त्यांची स्फूर्ती

परमेश्वराच्या अपार कृपेने आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीचा मंगल दिवस उगवला आहे. अशा प्रसंगी ज्या धर्मगुरूंनी येथे आपले आयुष्य वेचले व ज्या दात्यांनी आपल्या घामाचा पैका देवळाच्या बांधकामास दिला, त्यांची नावे कृतज्ञतेने घेण्याची रीत आहे. आणि ती सर्वथा योग्यच आहे. परंतु वेदीवरील ज्या मूर्तीपुढे आपण लहानपणापासून गुडघे टेकीत आलो, ती मूर्ती कोणी कोरली? गावाच्या वेशीवरचा क्रूस कोणी घडविला? हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही, आणि विचारलाच तर त्याचे उत्तर देणारा कोणी सापडत नाही. दात्याचे नाव संगमरवरावर कोरलेले असते. कोरणाऱ्याचे नाव मात्र कोठेच नसते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने वसईपासून गोव्यापर्यंतच्या आमच्या या किनाऱ्यावर ख्रिस्ती कला कशी रुजली, ती रुजविणारे हात कोणाचे होते आणि त्या हातांना स्फूर्ती कोठून मिळाली, याचे थोडे निवेदन करावे असे आम्हांस वाटले. विषय मोठा आहे व आमची शक्ती अल्प आहे. तरी सुज्ञ वाचक उणे असेल ते पदरात घेतील अशी आशा आहे.

आरंभ आपल्या घरापासूनच करू. 1534 साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली व 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे पाच वर्षांच्या काळात वसईच्या कोटात एकामागून एक देवळे व मठ उभे राहिले. आज त्यांची छपरे नाहीत, वेदी नाहीत. भिंतींवर पिंपळाची मुळे पसरली आहेत. तथापि जेजुइट पाद्र्यांच्या देवळाच्या दर्शनी भागावरील खांब व कमानी अजून उभ्या आहेत, आणि त्या पाहून मनुष्य क्षणभर थबकतो. त्यांचा आराखडा युरोपातील खरा. परंतु दगडावर छिन्नी चालविणारे सर्वच गवंडी व पाथरवट काही समुद्रापलीकडून आले नव्हते. ते येथलेच होते. आपल्या बापाने व आजाने जी विद्या शिकविली, तीच विद्या त्यांनी नव्या देवळाच्या सेवेस लाविली.

गोव्यात हीच गोष्ट अधिक स्पष्टपणे दिसून येते. तेथे सोळाव्या शतकात देवळांची संख्या इतक्या वेगाने वाढली, की मूर्ती व चित्रे पुरविणे पोर्तुगालातील कारागिरांस शक्यच नव्हते. मग ती कामे येथील सुतार, सोनार, चितारी व हस्तिदंताचे काम करणारे कारागीर यांच्याकडे आली. त्यांपैकी पुष्कळ जण हिंदू होते. ख्रिस्ती मूर्ती अख्रिस्ती हातांनी घडाव्यात हे अधिकाऱ्यांस रुचेना. हिंदू चितारी येशूची व मरियेची चित्रे घरोघर विकीत फिरतात, अशी तक्रार लिस्बनपर्यंत गेली व 1546 साली राजाने त्यास मनाई करण्याविषयी लिहिले. पुढे 1567 साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेनेही अशी कामे अख्रिस्ती कारागिरांस देऊ नयेत असे ठरविले. परंतु मनाई पुनःपुन्हा करावी लागली, याचाच अर्थ असा की ती पाळली जात नव्हती. देवळांस मूर्ती हव्या होत्या, आणि त्या घडविण्याचे कसब ज्यांच्या बोटांत होते, त्यांस वगळून चालण्यासारखे नव्हते.

या कारागिरांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्यापुढे युरोपातून आलेले छापील चित्र किंवा एखादी लहान मूर्ती नमुन्यादाखल ठेवली जात असे. नमुन्यात जे होते ते त्यांनी उतरविले. पण उतरविता उतरविता त्यात आपले डोळे मिसळले. पवित्र मरियेचा चेहरा किंचित गोल झाला, पापण्या जड व मिटल्यासारख्या झाल्या, केसांची वळणे आपल्याकडील मूर्तींसारखी पडली. काही देवळांतील प्रवचनाच्या उंच पीठाखाली तर कमरेखाली सर्पाकृती असलेल्या नागिणी कोरलेल्या आढळतात. त्या आपल्या मस्तकांवर व हातांवर शुभवर्तमानाच्या प्रवचनाचा भार तोलून धरीत आहेत असे वाटते. हा नमुना लिस्बनहून आला नव्हता. सुताराने तो आपल्याच मनातून काढला.

याहूनही विलक्षण म्हणजे सतराव्या शतकातील हस्तिदंती ‘उत्तम मेंढपाळ’. ही मूर्ती बहुधा वीतभर उंचीची असते. डोंगराच्या शिखरावर बालयेशू बसला आहे; एक पाय दुसऱ्यावर टाकला आहे, उजवा हात गालाशी टेकला आहे, डोळे मिटले आहेत. एक कोकरू खांद्यावर, एक मांडीवर. खाली झरा वाहतो आहे व मेंढरे पाणी पीत आहेत. अगदी तळाशी गुहेमध्ये संत मरिया माग्दालेना पहुडली आहे. ख्रिस्ती जगात उत्तम मेंढपाळाची चित्रे फार प्राचीन काळापासून आहेत. परंतु या मांडणीची, डोळे मिटून बसलेली बालमूर्ती ही हिंदुस्थानातील कारागिरांचीच निर्मिती होय. ध्यानस्थ बुद्धमूर्तीशी तिचे साम्य अनेक पंडितांनी दाखविले आहे. तो हस्तिदंत पुष्कळदा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येई, कथा पवित्र शास्त्रातील, आणि शांती मात्र या भूमीची. अशा मूर्ती आज जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेविल्या आहेत. कारागिराचे नाव मात्र एकीवरही नाही.

जे सुताराने लाकडात केले, तेच एका परदेशी धर्मगुरूने शब्दांत केले. फादर थॉमस स्टीफन्स हे जातीचे इंग्रज. 1579 साली ते गोव्यास उतरले व 1619 साली गोव्यातच वारले. मधली चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टीच्या लोकांत काढली. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे छापून प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठी भाषेत आहे, हे आम्हां मराठी ख्रिस्ती जनांस भूषणावह आहे. ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रीबाबांस विनवितो, की आमची पूर्वीची पुराणे आमच्यापासून गेली. तेव्हा मन रमावे म्हणून ख्रिस्ती धर्माचे एखादे पुराण आम्हांस का देत नाही? या एका प्रश्नातच त्या ग्रंथाची सारी स्फूर्ती आहे. लोकांनी श्रद्धा स्वीकारली होती, परंतु त्यांचे कान अजून ओवीसाठी भुकेले होते. पाद्रीबाबांनी ती भूक ओळखली, स्वर्गास वैकुंठ म्हटले, आणि तारणाची कथा ओवीच्या चालीवर बसविली.

यानंतर पुष्कळ काळ लोटला. जुन्या मूर्तींत येथील कारागिराचा जो स्वभाव सहज उतरला होता, तो हळूहळू दबत गेला. युरोपातील नमुन्याप्रमाणे हुबेहूब जे असेल तेच पवित्र, अशी समजूत घट्ट झाली. अशा काळात गोव्यातील कलावंत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत येऊ लागले. त्यांत आंतोनियो झेवियर त्रिंदाद (1870–1935) यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. त्यांनी तेथे शिक्षण घेतले व पुढे तेथेच शिकविले. पाश्चात्य पद्धतीच्या तैलरंगात त्यांचा हात इतका बसला होता, की लोक त्यांस ‘पूर्वेकडील रेम्ब्रां’ म्हणत. घरातील माणसे, खिडकीतून येणारा उजेड, वृद्धाच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या हीच त्यांची स्फूर्ती. त्यांची कन्या आंजेला त्रिंदाद (1909–1980) वडिलांच्या हाताखाली तयार झाल्या. परंतु पुढे त्यांनी ख्रिस्ती विषय भारतीय पद्धतीने रंगविण्यास आरंभ केला. त्यांच्या या सेवेबद्दल पोप बाराव्या पायस यांच्याकडून त्यांस सन्मानपदक मिळाले.

परंतु ज्यांच्या आयुष्यात हा प्रश्न खऱ्या कसोटीस लागला, ते चित्रकार म्हणजे आंजेलो द फोन्सेका. त्यांचा जन्म 1902 साली मांडवी नदीतील सांत इस्तेव्ह या बेटावर झाला. घरची स्थिती चांगली होती. त्यांस वैद्यकीच्या अभ्यासास घातले. तो त्यांनी सोडला. जे. जे. कलाशाळेत गेले, तेथील पाश्चात्य धर्तीच्या शिक्षणानेही त्यांचे समाधान होईना. अखेर ते बंगालला गेले व अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या सहवासात राहून कागदावर जलरंगांचे पातळ थर एकावर एक चढविण्याची ती मृदू पद्धती शिकले. हे शिक्षण घेऊन ते गोव्यास परतले तेव्हा त्यांच्या मनात एकच हेतू होता: ज्या प्रभूस आपण आपला म्हणतो, तो आपल्या लोकांत आपल्यासारखा दिसावा.

त्यांनी पवित्र मरिया रंगविली ती लुगड्यातील, अनवाणी, सावळ्या वर्णाची. आपल्याच किनाऱ्यावर दिसणाऱ्या एखाद्या सोज्ज्वळ तरुण मातेसारखी. आज आपणांस त्यात काही वावगे वाटणार नाही. परंतु त्या वेळच्या गोव्यात मोठा रोष झाला. निळा झगा व गोरा चेहरा सोडून मरियेस हे रूप देणे म्हणजे धर्माची विटंबना होय, असे अनेकांस वाटले. टीका इतकी झाली की फोन्सेकांनी आपली जन्मभूमी सोडली. ते पुण्यास शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले. हा आश्रम कॅथॉलिक नव्हे, अँग्लिकन पंथीयांचा. आपल्यांनी ज्यास दार लाविले, त्यास त्यांनी खोली दिली, हे आपण नम्रपणे कबूल केले पाहिजे.

आपल्यांतही त्यांचे चाहते नव्हते असे नाही. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात 1926 साली इतिहास-संशोधन संस्था स्थापन करणारे फादर हेनरी हेरास यांनी फोन्सेकांस व आंजेला त्रिंदाद यांस उत्तेजन दिले व त्यांच्याकडून चित्रे करून घेतली. या देशाच्या प्राचीन शिल्पांचा अभ्यास करणाऱ्या त्या स्पॅनिश जेजुइटास जे दिसले, ते आपल्या पुष्कळ लोकांस दिसले नाही. 1951 साली फोन्सेकांचा विवाह झाला, आणि पुढे त्यांच्या अनेक चित्रांतील मरियेच्या चेहऱ्यात त्यांच्या पत्नीचा चेहरा दिसू लागला. ज्या घरात प्रेम होते, त्याच घरातून त्यांनी पवित्र कुटुंबाचे रूप घेतले. 1967 साली पुण्यास त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मृत्यूच्या चार वर्षे आधी, 4 डिसेंबर 1963 रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्र उपासनाविधीवरील आपला आदेश प्रसिद्ध केला. कोणतीही एकच कलापद्धती ख्रिस्तसभेने आपली म्हणून ठरविलेली नाही, व सर्व लोकांच्या आणि प्रदेशांच्या कलेस देवाच्या मंदिरात मान असावा, असा त्याचा आशय आहे. चित्रकाराने तीस वर्षांपूर्वी कुंचल्याने जे सांगितले होते, ते परिषदेने लेखणीने सांगितले. त्यांच्या पत्नीने जतन केलेला चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरी येथील झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात आहे. ज्या गोव्याने चित्रकारास राहू दिले नाही, त्याच गोव्यात त्याची चित्रे मानाने परतली.

वाचकहो, या सर्व कथेतून आम्हांस एक गोष्ट दिसते. कलावंताची स्फूर्ती आकाशातून एकाएकी पडत नाही. ती त्याच्या आईच्या लुगड्यात असते, ओट्यावरच्या ओवीत असते, बापाच्या पटाशीत व किकऱ्यात असते. श्रद्धा या साऱ्यांस हात लाविते आणि मग त्यांची मूर्ती होते. शब्द देह झाला असे आपण मानतो. मग त्या देहाने आपल्या गावचा वर्ण घेतला तर नवल ते काय?

आता थोडे आपल्याविषयी. फोन्सेकांवर टीका करणारे कोणी दुष्ट लोक नव्हते. ते मिस्सेस जाणारे, रोझरी म्हणणारे, आपल्यासारखेच भाविक होते. लहानपणापासून पाहिलेले रूप हेच खरे रूप, एवढीच त्यांची चूक. त्या काळी त्यांचे चित्र आपल्या देवळात कोणी आणले असते, तर आपल्या पूर्वजांनी ते वेदीवर ठेविले असते काय? आणि आज आपल्यातील एखाद्या मुलाने मरियेस आपल्या आजीचे लाल लुगडे नेसविले, तर आपण त्याची पाठ थोपटू की त्यास गप्प बसवू? याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

दुसरी विनंती अधिक साधी आहे. देवळांची डागडुजी होते तेव्हा जुन्या लाकडी मूर्ती जीर्ण म्हणून अडगळीत टाकल्या जातात व त्यांच्या जागी साच्यातील चकचकीत मूर्ती येतात. किंवा जुन्या मूर्तीवर भडक तैलरंगाचे लेप चढविले जातात, आणि कोरणाऱ्याने जिवापाड आणलेला चेहऱ्यावरील भाव त्याखाली कायमचा बुजतो. असे करण्यापूर्वी जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा. गोव्यात 1994 साली रायतूरच्या सेमिनरीत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय उघडले. ते पुढे जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात नेण्यात आले. अनेक देवळांतील व घरांतील वस्तू त्यामुळे वाचल्या. आपल्या धर्मग्रामास संग्रहालय उभारणे कदाचित जमणार नाही. परंतु एक वही तर घालता येईल. कोणती मूर्ती कोठून आली, वेदी कोणी घडविली, क्रूस कोणत्या सुताराच्या हातचा, हे वृद्ध मंडळींस विचारून त्या वहीत लिहून ठेवावे. ही माणसे आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे.

ज्या अनामिक हातांनी आमच्या डोळ्यांपुढे देवाचे रूप आणले, त्यांची नावे आम्हांस ठाऊक नाहीत. परंतु परमेश्वरास ती ठाऊक आहेत. या ज्युबिलीच्या मिस्सेत दात्यांच्या व धर्मगुरूंच्या नावांबरोबर त्या हातांचेही स्मरण व्हावे, आणि पुढील ज्युबिलीच्या वेळी आमच्या मुलांस हा लेख पुन्हा लिहावा लागू नये, एवढीच प्रार्थना करून आम्ही लेखणी खाली ठेवितो.