बंडीचा आस आणि जीपचा डिफरन्शियल



आपल्या बॅचमधल्या काहींना सध्या जुन्या जीपचा नाद लागला आहे. सुट्टीत अंगणातच चाकं काढली जातात. त्यांच्यासाठी हा थोडा इतिहास.

वरोऱ्यात आपण आधी पाहिलं ते बंडीचं चाक. बंडीची दोन्ही चाकं आसावर आपापली फिरतात, म्हणून वळणावर अडत नाही. इंजिनाने दोन्ही चाकं फिरवायची म्हटलं की पंचाईत होते. जीपच्या दोन चाकांत साधारण सव्वा मीटर अंतर. चौकाला पूर्ण वळसा घातला तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे पावणेआठ मीटर जास्त धावतं, चौक लहान असो की मोठा. सरांनी शिकवलेलं परिघाचं सूत्र लावून पाहा! हा फरक सांभाळणाऱ्या डिफरन्शियलचं पेटंट पेक्योर या फ्रेंच घड्याळजीने 1827 मध्ये वाफेच्या गाडीसाठी घेतलं.

विलीज जीप 1941 पासून युद्धासाठी बनू लागली. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि जंगलातल्या कच्च्या रस्त्यांना चालणारी गाडी मिळाली.

अभियांत्रिकीला मी डिफरन्शियल आकृतीतून शिकले. तो बिघडतो कसा, हे मात्र मिस्त्रींनाच ठाऊक. अनेक जुन्या जीपचा मागचा शाफ्ट टोकाला निमुळता असतो, त्यावर हब घट्ट बसतो. पुलर नसला की शाफ्टच्या टोकावर घण घातला जातो. हब निघतो, पण ठोका शाफ्टमधून आत जाऊन बेअरिंगला आणि दोन शाफ्टांमधल्या थ्रस्ट ब्लॉकला बसतो. काम चाकाचं, इजा डिफरन्शियलला. माझ्या सॉफ्टवेअरच्या कामातही असंच होतं: दुरुस्ती एकीकडे, बिघाड दुसरीकडे.

दुसरा धोका जिवाचा. विलीज जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की ते उलटं फिरू शकतं, त्यामुळे जमिनीवरचं दुसरंही मोकळं होतं. हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घसरते. म्हणून बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका.

हे ज्ञान हातातून हातात आलं, कागदावर फारसं आलं नाही. ज्यांच्या घरात कुणी जीप चालवली वा दुरुस्त केली असेल, त्यांनी त्यांना विचारून लिहून ठेवावं. ती माणसं आता थकली आहेत.