इंग्रजी वाक्प्रचार आणि कोरियन भाषक

कोरियन भाषकांना इंग्रजी वाक्प्रचार जड जातात ते दोन संस्कृतींमधल्या अंतरामुळे, असे सहसा सांगितले जाते. हे कारण अपुरे आहे. चित्रमय वाक्प्रचारांना कोरियनमध्ये जोड सहज सापडते. इंग्रजीत सोपे काम म्हणजे ‘पीस ऑफ केक’, तर कोरियनमध्ये आडवे पडून तांदळाचा त्तोक खाणे. ज्याचे नाव काढावे तो समोर उभा राहिला, तर इंग्रज सैतानाची आठवण काढतो आणि कोरियन माणूस वाघाची. खरी अडचण बिनरंगी जोडशब्दांत आहे. ‘पुट ऑफ’, ‘पुट आऊट’, ‘पुट अप विथ’ यांत क्रियापद एकच, पण मागच्या चिमुकल्या शब्दाने अर्थ पार पालटतो. कोरियन ही मराठीसारखीच क्रियापद शेवटी आणणारी भाषा आहे. तिच्यातले संबंधदर्शक प्रत्यय नामामागे लागतात, क्रियापदामागे असे सुटे शब्द ठेवायची तिला सवय नाही. म्हणून ‘पुट ऑफ’पेक्षा यादीत पाठ होणारा ‘पोस्टपोन’ जवळचा वाटतो आणि बोलणे बिनचूक असूनही सरकारी पत्रासारखे होते. त्यात कोंग्लिशची, म्हणजे कोरियनमध्ये वेगळ्या अर्थाने रुळलेल्या इंग्रजी शब्दांची, भर. तिथे ‘कनिंग’ म्हणजे परीक्षेतली कॉपी (आपली ‘कॉपी’ तरी कुठे अस्सल इंग्रजी?) आणि ‘सर्व्हिस’ म्हणजे दुकानदाराने फुकट दिलेली वस्तू. शब्द ओळखीचा, त्यामुळे शंकाच येत नाही. मात्र कोंग्लिशला सरसकट अशुद्ध ठरवणेही बरोबर नाही. ‘स्किनशिप’ (स्पर्शातून दिसणारी जवळीक) आणि ‘फायटिंग’ (हुरूप देणारा उद्गार) यांना ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाने २०२१ मध्ये जागा दिली.

दक्षिण कोरियात १९९७ पासून प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी आहे, शिवाय हागवॉन नावाच्या खासगी शिकवण्या आहेत. मग हे प्रयोग अंगवळणी का पडत नाहीत, असा आक्षेप येतो. उत्तर ‘सुनुंग’ या प्रवेशपरीक्षेत मिळते. तिच्या इंग्रजी विभागात ७० मिनिटांत ४५ प्रश्न सोडवायचे असतात. त्यांतले १७ ऐकून उत्तर देण्याचे, उरलेले वाचनाचे; प्रत्यक्ष बोलायला किंवा लिहायला लावणारा एकही नाही. पर्यायांतून अर्थ ओळखता येणे वेगळे आणि तोच प्रयोग ऐनवेळी तोंडी येणे वेगळे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जपानी किंवा व्हिएतनामी माणसाशी इंग्रजीत बोलताना वाक्प्रचार हवेतच कशाला? चित्रमय वाक्प्रचारांपुरते हे मान्य करावे. पण मीठ ‘कट डाऊन’ करा असे डॉक्टर म्हणाला किंवा सभा ‘कॉल्ड ऑफ’ झाल्याचे कळवले गेले, तर ते न समजून चालत नाही. तेव्हा अभ्यासक्रमात ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’ यांसारख्या रोजच्या क्रियापदांचे प्रयोग आधी यावेत. कुत्र्यामांजरांचा पाऊस नंतर पडला तरी चालेल.