ओपी कॅरेक्टरचा इतिहास: हिरण्यकश्यपूपासून पन-पनपर्यंत

(या भागाचं लेखी रूप. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.)

मोबाईलवर गेम खेळणाऱ्या कुणालाही 'ओपी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ओपी म्हणजे ओव्हरपॉवर्ड. एखादी बंदूक ओपी असते, एखादं कॅरेक्टर ओपी असतं, मग पुढच्या अपडेटमध्ये कंपनी ते 'नर्फ' करते, म्हणजे त्याची ताकद कापते आणि विषय संपतो.

आज याच ओपी प्रकरणाचा इतिहास बघू, पण मोबाईलच्या आधीचा. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती खेळतात त्या रोलप्लेइंग गेमचा. तिथे अपडेट पाठवणारा सर्व्हर नाही. मग एखाद्याने सगळे नियम पाळूनच स्वतःला अजिंक्य करून घेतलं, तर त्याला थांबवायचं कुणी? पुस्तकाने, की समोर बसलेल्या माणसाने? या प्रश्नावर दोनशे वर्षं भांडण चालू आहे.

आधी गेम समजून घेऊ

'स्ट्रेंजर थिंग्ज' बघितली असेल तर ती पोरं तळघरात बसून जे खेळतात तेच हे: डंजन्स अँड ड्रॅगन्स, थोडक्यात डी अँड डी. चार-पाच जण बसतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो सांगतो, "समोर गुहा आहे, आतून घुरघुर ऐकू येतेय." बाकीचे एकेक पात्र असतात आणि आपण काय करतो ते तोंडाने सांगतात. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. प्रत्येकाकडे एक कागद असतो. त्यावर ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे आकड्यांत लिहिलेली असते.

आपल्या लाखांदूर-वडसा पट्ट्यात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र चालतात. हा गेम तसंच नाटक समजा. फक्त संहिता नाही, खलनायक मेला की नाही हे फासा सांगतो, आणि प्रेक्षक कुणीच नाही. सगळे स्टेजवर. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सगळ्यात जुनी बिल्ड

ओपी कॅरेक्टर बनवायची कल्पना आपल्याला नवी नाही. हिरण्यकश्यपूने वर मागितला तो आठवा. माणसाच्या हातून मरण नको, जनावराच्या नको. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. भाऊ, ही बिल्ड आहे! एकेक दार मोजून बंद केलंय. रावणानेही तेच केलं, पण माणसं आणि वानरं किरकोळ म्हणून यादीत घेतलीच नाहीत.

कोड लिहिणाऱ्याला इथला बग लगेच दिसतो. यादी कितीही लांब करा, यादीबाहेर काहीतरी उरतंच. नरसिंह ना माणूस ना जनावर, वेळ तिन्हीसांजेची, जागा उंबरठ्याची. वर मोडला नाही, शब्दही फिरवला नाही. या गोष्टीत विष्णू म्हणजे कसलेला डीएम.

प्रशियातला पंच

गेममधलं हे भांडण मात्र युरोपात, सैन्यात सुरू झालं. 1824 मध्ये प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने युद्धाचा खेळ छापला, नाव 'क्रीगश्पील'. नकाशा, सैन्याचे ठोकळे, फासे, नुकसान मोजायचे तक्ते आणि मध्ये एक पंच. अधिकाऱ्यांना लढाई शिकवायला उत्तम, पण तक्ते इतके किचकट की खेळ पुढे सरकेना. 1876 मध्ये फेरडी द्यु व्हेरनुआ या सेनाधिकाऱ्याने उलटी भूमिका मांडली: तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल.

इथे दोन पक्ष पडले. एक म्हणतो नियम पूर्ण लिहा, म्हणजे पंचाची मनमानी नको. दुसरा म्हणतो पंच चांगला नेमा, म्हणजे नियमांचं ओझं नको.

1974: तीन फासे आणि नशीब

शंभर वर्षांनी अमेरिकेत हेच भांडण पुन्हा आलं. डेव्ह आर्नेसनने 'ब्लॅकमूर' नावाच्या खेळात अख्ख्या फौजेऐवजी प्रत्येकाला एकेक पात्र दिलं. गॅरी गायगॅक्सने त्यातून नियम बांधले आणि 1974 मध्ये दोघांच्या नावाने डी अँड डी आलं. पहिली आवृत्ती 1000 प्रतींची.

त्यात ओपी होणं नशिबावर होतं. सहा गुण, प्रत्येकासाठी तीन फासे टाकायचे, बेरीज येईल ती घ्यायची. सरासरी साडेदहा. एखाद्या गुणात पूर्ण 18 यायची शक्यता 216 मध्ये 1. पण नायक व्हायला बसलेल्या पोराला 7 ताकदीचा पैलवान थोडाच आवडणार? 1979 च्या डीएमच्या पुस्तकात नवी पद्धत आली: चार फासे टाका, सगळ्यात लहान सोडून द्या. बदल छोटा वाटतो, पण गणित करून बघा. सहा गुणांत निदान एक 18 असलेली पात्रं आधी शंभरात जेमतेम 3 निघायची, आता 9 च्या वर निघू लागली.

पण खरी महागाई फाशांतून आली नाही, डीएमच्या उदारपणातून आली. काही टेबलांवर प्रत्येक गुहेत जादूच्या तलवारी फुकट वाटल्या जात. टीव्हीवर बक्षिसं वाटणारा मॉन्टी हॉल होता ना, त्याच्यावरून अशा खेळाला 'मॉन्टी हॉल' असं टोपणनावच पडलं. 1975 मध्ये गायगॅक्सने 'टूम ऑफ हॉरर्स' नावाची कबर रचली ती आपल्या अजिंक्य वाटणाऱ्या खेळाडूंना जमिनीवर आणायला. तिथे ताकदीचा उपयोग नाही. चुकीच्या तोंडात हात घातला की पात्र संपलं.

1976 मध्ये तर प्रकाशकांनी देवांचंच पुस्तक काढलं. ओडिनला 300 हिट पॉइंट, म्हणजे इतका मार खाल्ला की तो संपला. आपल्या इंद्रालाही आकडे. हेतू असा की चाळिसाव्या पातळीच्या पुढे गेलेल्या पात्रांनी देवांकडे बघून लाजावं. पण ज्याला आकडा आहे तो मारता येतो. शिकवण म्हणून छापलेलं पुस्तक खेळाडूंनी शिकारीची यादी म्हणून वाचलं.

नशीब गेलं, इंजिनिअरिंग आलं

1981 मध्ये सुपरहिरोंचा 'चॅम्पियन्स' हा गेम गाजला. त्यात पात्र फाशांवर नाही, पॉइंटवर बनतं. ठराविक पॉइंट मिळतात, त्यातून शक्ती विकत घ्यायच्या. आणि गंमत म्हणजे स्वतःला एखादी कमजोरी लावली तर जास्त पॉइंट मिळतात. मग हुशार माणूस काय करणार? कधीच आड येणार नाही अशी कमजोरी घेणार. गोष्ट वाळवंटात घडणार असेल तर पाण्याची भीती! नको तिथे कमी, हवं तिथे जास्त, याला मिन-मॅक्सिंग म्हणतात. नशीब बाजूला झालं आणि बिल्ड ही कारागिरी झाली.

2000 मध्ये डी अँड डीची तिसरी आवृत्ती आली. एका पात्रात अनेक पेशे मिसळायची मोकळीक, वर एकामागून एक जोड-पुस्तकं. माझ्या धंद्यातल्या लोकांना माहीत आहे: दहा लायब्ररी एकत्र आल्या की अशी जोडणी निघते जी कुणीच तपासलेली नसते. 2004 च्या एका जोड-पुस्तकात एक प्राचीन सर्पवंश होता. खवलेवाल्या इतर जीवांचं शरीर आणि गुण बदलायची त्याला शक्ती होती. कुणीतरी विचार केला, कोबोल्ड नावाचा टिचभर प्राणीही खवलेवालाच आहे. ती शक्ती फिरवून कोबोल्डलाच मिळवून दिली, की गुण वाढवायला वरची मर्यादाच नाही. त्या पात्राचं नाव पन-पन. कागदावर तो सगळ्या देवांच्या वर.

पन-पन कुणी टेबलावर खेळायला आणत नाही. सिक्युरिटीवाले जसं 'इथून आत शिरता येतं' एवढंच दाखवून थांबतात, तसं ते आहे. आणि ते रचायला अक्कल लागते, हे मान्य करायलाच हवं.

दुसरा किस्सा आपल्याकडच्या भाषेत सांगतो. रोवणीच्या दिवसांत बांधीवर हजार बाया एका ओळीत उभ्या आहेत, दर पाच फुटांवर एक. पऱ्ह्यांची जुडी हातोहात पुढे द्यायची. नियम सांगतो की वस्तू पुढच्याला द्यायला प्रत्येकीला आपली पाळी मिळते, आणि सगळ्यांच्या पाळ्यांची एक फेरी सहा सेकंदांत संपते. म्हणजे जुडी सहा सेकंदांत दीड किलोमीटर! ताशी 900 किलोमीटरच्या वर. ओळ वाढवली की वेग वाढतो. जुडीऐवजी भाला द्या, झाली तोफ. खेळाडूंनी याला 'पेझंट रेलगन' नाव दिलं. यात लबाडी अशी की अर्धा वेळ पुस्तकाचा नियम वापरला आणि शेवटच्या क्षणी भौतिकशास्त्राचा.

मग बिघडतं काय?

कुणी म्हणेल, गेमच आहे, होऊ दे एकाला ओपी. बुद्धिबळातला वजीरही ओपीच आहे. जुन्या खेळात तो तिरपा एकच घर चालायचा, पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात त्याला आजची धाव मिळाली. पण तिथे दोघांकडे एकेक वजीर असतो. हिशेब बरोबर.

इथे पाच जण एकाच बाजूला असतात. त्यातला एक पाचपट ताकदीचा झाला तर डीएमने करायचं काय? साधा राक्षस आणला तर तो एकटाच एका फटक्यात संपवतो. त्याला पुरा पडेल असा राक्षस आणला, तर तो बाकीच्या चौघांना एका फटक्यात मारतो. मधला आकडा उरतच नाही. मग चौघे काय करतात? बघत बसतात. ज्या नाटकात प्रेक्षक नव्हते, तिथे चार प्रेक्षक झाले. हळूहळू एकाला ट्यूशन असते, दुसऱ्याचं पोट दुखतं, आणि गेम बंद पडतो. ओपी खेळाडू राक्षसाकडून हरत नाही, रिकाम्या टेबलाकडून हरतो.

कंपनीने पॅच मारले. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत खेळाडूचे गुण साधारणपणे 20 वर अडवले, अंगावर बाळगायच्या बहुतेक भारी जादुई वस्तू तीनवर आणल्या, लांब चालणारे बरेचसे मंत्र एका वेळी एकच केले. फरक पडला. तरी नव्या फटी निघाल्याच. यादीबाहेर काहीतरी उरतंच ना!

आणि 2024 च्या डीएमच्या पुस्तकात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आली. त्यांनी रेलगनसाठी नवा तक्ता दिला नाही. सरळ सांगितलं की हे नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे, आणि नियम चांगल्या हेतूने वाचले जातील हे गृहीत धरलेलं आहे. पन्नास वर्षं पुस्तकं जाड करून शेवटी गाडी 1876 वर आली: निकाल माणूस देणार.

याचा अर्थ ताकदवान पात्र बनवू नका असा नाही. नियम पिळून काढणारा खेळाडू अभिनयातही उत्तम असू शकतो, दोन्हींत वैर नाही. फक्त ती हुशारी चौघांना सोबत नेण्यात घालवा. सगळ्यांना बळ देणारा, जखमा भरणारा, शत्रूला अडवून मित्राला फटका मारू देणारा पात्र बनवा. तीही बिल्डच आहे, आणि असा माणूस टेबलावर सगळ्यांना हवा असतो.

खेळून बघायचं असेल तर खर्च नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सवर फुकट आहेत, मोबाईलवर उतरवा. गुण ठरवायला घरातल्या लुडोचा फासा चालतो. एकच असेल तर चारदा टाका, लहान आकडा सोडा. वीस बाजूंच्या फाशाला ॲप आहेत. आणि पहिला फासा टाकायच्या आधी पाच मिनिटं ठरवून घ्या: आपण किती ओपी जायचं, आणि वाद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्या टेबलावरची सगळ्यात वाह्यात बिल्ड मला नक्की पाठवा.